रणधीरचं दुसरं उष्टावण

रणधीर ढवळे पेढ्याला घाबरायचा. नाव रणधीर, वजन एक्क्याऐंशी किलो, नोकरी मोजणी खात्यात ड्रोन उडवायची, आणि समोर कुणी पेढ्यांचा बॉक्स उघडला की हा खुर्ची मागं सरकवणार. ऑफिसात लोकांना वाटायचं, माणूस शिष्ट आहे. शिष्ट नव्हता. पेढा खाल्ला तर मरण्याची शक्यता होती, एवढीच अडचण होती.

आता तीही अडचण गेली आणि रणधीरची पंचाईत झाली.

ती गेल्याचं सगळ्या ऑफिसला एकदमच कळलं. साहेब दोन भावांच्या बांधाचं भांडण समजावून सांगत होते. सगळे गंभीर होते. तेवढ्यात रणधीरच्या डाव्या दंडावरून एक बाई स्पष्ट आवाजात म्हणाली, "लाभार्थी, लक्ष द्या. आपले यकृत समाधानकारक आहे."

साहेब थांबले. "अभिनंदन," म्हणाले आणि बांधाकडं वळले.

ती बाई म्हणजे 'यकृतमित्र'. दंडावर चिकटवायची, पोस्टाच्या तिकिटाएवढी पट्टी. कातडीखालच्या पाण्यातून ती साखर, फॉस्फेट आणि यकृताची खुशाली सतत तपासत राहते. योजना सरकारी असल्यामुळं पट्टी फुकट होती आणि सरकारी असल्यामुळंच तिचा आवाज कमी करता येत नव्हता. बस-स्टँडवर गाड्या पुकारणाऱ्या एका बाईंचा आवाज तिला दिला होता. त्यामुळं बातमी यकृताची असली तरी ऐकणारा नकळत पिशवी उचलायचा.

रणधीरला जन्मापासून फ्रुक्टोज चालत नव्हतं. हे नक्की काय प्रकरण आहे ते पुण्याच्या डॉक्टर तळपदेंनी त्याला सरकारी माणसाला कळेल अशा भाषेत सांगितलं होतं. साखरेच्या प्रत्येक कणात दोघं एकमेकांना धरून बसलेले असतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. ग्लुकोज सज्जन. तो कुठंही खपतो. फ्रुक्टोजला मात्र यकृताच्या ऑफिसातच जावं लागतं. मग तो साखरेतून येवो, गुळातून, मधातून नाहीतर आंब्यातून. तिथं त्याच्या फायलीसाठी दोन कारकून असतात. पहिला शिक्का मारतो. दुसरा फाइल फोडून कागद पुढं पाठवतो. रणधीरचा दुसरा कारकून जन्मापासून गैरहजर. पहिला आपला शिक्के मारतोय, मारतोय, फायलींचा ढीग छताला लागतोय आणि शेवटी ऑफिसातली सगळी शाई संपते. ती शाई म्हणजे फॉस्फेट. तिच्यावरच सगळ्या शरीराचं काम चालतं. शाई संपली की यकृत टेबलावर डोकं ठेवतं, रक्तातलं ग्लुकोजही खाली येतं, आणि माणूस ओकतो, घामाघूम होतो, बेशुद्ध पडतो. मूल लहान असेल तर त्याहून वाईट.

"आणि इलाज?" रणधीरनं विचारलं होतं.

"कारकून हजर करायचा," डॉक्टर म्हणाल्या.

इलाज नवा होता. चरबीचे अतिसूक्ष्म फुगे, आणि प्रत्येकात दुरुस्तीचा निरोप. शिरेतून सोडले की चरबी पाहून यकृत ते आपणहून आत घेतं. मग पेशीच्या गाभ्यात बिघडलेली जागा शोधून तेवढीच नीट बसवली जाते. सगळ्या पेशी दुरुस्त होत नाहीत, साधारण तिसरा हिस्सा होतात. तिसरा हिस्सा कर्मचारी हजर असले तरी ऑफिस चालतं, यावर रणधीरचा लगेच विश्वास बसला.

इंजेक्शन झालं. मग काही महिने दवाखान्यात बोलावून त्याला फ्रुक्टोज देत गेले. आधी चिमूटभर, मग जास्त, मग चांगलं दोन लाडवांइतकं. सगळं कॅप्सूलमधून. कारण गोड चव तोंडात आली की रणधीर ओकायचा, आणि ओकलेलं मोजता येत नाही. यकृतानं सगळं पचवलं.

"आता काहीही खा," डॉक्टर म्हणाल्या.

"खायलाच पाहिजे का?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. हा प्रश्न त्यांच्या यादीत नव्हता.

खरी गोष्ट अशी होती की दुरुस्त झालं ते यकृत. जिभेला कुणी इंजेक्शन दिलं नव्हतं. गोड म्हणजे मरण, हे ती दात यायच्या आधी शिकली होती आणि बाकी काही शिकायला तयार नव्हती. दातांचं मात्र कल्याण झालं होतं. रणधीरचा एकही दात किडलेला नव्हता. साताऱ्यातल्या एका दंतवैद्यानं आपल्या पाटीवर त्याचंच हसू छापलं होतं. खाली लिहिलं होतं, 'आमच्या उपचारांचा परिणाम'.

*

हौसाआत्या कराडहून आली ती बातमी ऐकूनच. रणधीरच्या वडलांची ही थोरली बहीण. वय सत्तर, मधुमेह जुना. तिच्या दंडावर 'शर्करामित्र' होती. पट्टी दुसरी पण बाई तीच. आत्या कायम लांब बाह्यांचं पोलकं घालायची आणि बाई बोलायला लागली की तिच्यावर पदर दाबून धरायची. "दाबली की गप बसती बया," असं तिचं निरीक्षण होतं.

बसल्या बसल्या ती म्हणाली, "उष्टावण करायचं."

"कुणाचं हो, वन्सं?" आईनं विचारलं. घरात तान्हं मूल नव्हतं.

आत्यानं रणधीरकडं बोट केलं. रणधीर दाढी करून नुकताच बाहेर आला होता, कानाखाली फेस होता.

"आत्या, मी एकोणतीस वर्षांचा आहे."

"मग काय झालं? पहिलं फुकट गेलं तुझं."

"फुकट कुठं गेलं? झालं होतं ते. मी आयसीयूत होतो."

"म्हंजे अर्धंच झालं ना," आत्या म्हणाली. रणधीरनं कानाखालचा फेस पुसला.

"पण भरवणार कोण?" आईनं हळूच विचारलं.

आत्या पंख्याकडं बघायला लागली. पंखा बंद होता. "मामाच भरवतो बाळाला," ती पंख्याला म्हणाली. "आपल्यात तशीच रीत आहे."

आई उठून भांडी आवरायला लागली. कारण त्या घरात दिगूमामाच्या हाताचा विषय कुणी काढत नसे. किंवा मग रोजच काढत असत.

त्याचं असं झालं होतं. रणधीर सहा महिन्यांचा असताना त्याचं उष्टावण थाटात झालं. दिगंबरमामा, आईचा थोरला भाऊ, बोरजाईहून आला. तिथं त्याची पिठाची गिरणी. त्यानं स्वतः तांदूळ भरडून आणले, खीर केली आणि भाच्याला मांडीवर घेऊन भरवली. एक चमचा द्यायची रीत. मामानं तीन दिले, कारण पहिल्या चमच्याला बाळानं असं काही तोंड केलं की सगळे हसले. संध्याकाळी बाळ ओकलं, मान टाकली, अंग घामानं भिजलं. जीपमधून दवाखान्यात नेलं. वाचलं. पुढं कधी केळं, कधी औषधाचं सरबत, परत तेच. आजाराचं नाव कळायला चार वर्षं लागली. पण माणसं कारणासाठी चार वर्षं थांबत नाहीत. दवाखान्याच्या व्हरांड्यातच कुणीतरी म्हणालं होतं, "हात कडू आहे त्याचा." म्हणणारी हौसाआत्या होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

आजाराचं नाव कळलं, वाक्य मात्र राहिलं. ढवळ्यांच्या घरात दूध नासलं की कुणीतरी म्हणायचं, "दिगूचा हात लागला काय?" टीव्ही बंद पडला तरी तेच. मनात काही नसायचं, सवय झाली होती. मामानं मात्र ते मनाला लावून घेतलं. त्या दिवसापासून त्यानं कुणाला हातानं घास दिला नाही. पोरीच्या लग्नात जावयाला घास भरवायची वेळ आली तेव्हा मामा जनरेटर बघायला गेला. जनरेटर नीट चालला होता.

आणि हाच माणूस पंचवीस वर्षं दर महिन्याला भाच्यासाठी एसटीनं पिठाचा डबा पाठवत होता.

निरोप गेला तसं मामाचं उत्तर आलं. "येतो. मागं उभा ऱ्हातो. भरवायला दुसरा बगा."

खिरीशी रणधीरला काही देणंघेणं नव्हतं. ती कुणी भरवली नसती तर उलट तो सुटला असता. पण मामाचा निरोप ऐकून त्याला जेवण गेलं नाही. आपलं यकृत दुरुस्त झालं आणि या माणसाचा हात अजून बिघडलेलाच, हा हिशेब त्याला पटेना. रविवारी त्यानं गाडी काढली.

*

बोरजाईच्या गिरणीत दोन बायका डबे घेऊन बसल्या होत्या. मामा पिठानं पांढरा झालेला. सडपातळ माणूस, भुवयांवर पीठ, त्यामुळं कायम आश्चर्य वाटल्यासारखा दिसायचा.

"दिगूतात्या, माझं गहू त्या बाजरीवर टाकू नका हां," एक बाई म्हणाली. "मागल्या टायमाला चपात्या काळ्या झाल्या."

"तुज्या आदी गव्हाचंच गेलंय. बस गप."

गिरणीत कुणाच्या मागून कुणाचं दळण पडतं याला फार महत्त्व. आधीचं थोडं पीठ जात्यात राहतंच आणि पुढच्याच्या डब्यात उतरतं. गहू-बाजरीचं भांडण चपातीच्या रंगावर मिटतं. रणधीरच्या बाबतीत तसं नव्हतं. दिवाळीआधी गावातल्या बायका याच गिरणीत पिठीसाखर दळून नेत. त्या पाठोपाठ पडलेलं तांदळाचं पीठ रणधीरनं खाल्लं असतं तर पुन्हा जीप काढावी लागली असती.

म्हणून मामानं कोपऱ्यात एक छोटी चक्की बसवली होती. तिचं नाव बारकी. बारकीत फक्त भाच्याचं दळण. पॉलिशचा पांढरा तांदूळ, साबुदाणा, कधी वाळवलेल्या बटाट्याचे काप. कोंड्याला मनाई, कारण धान्याची जी काही थोडी साखर असते ती कोंड्याकडं जास्त. सगळं जग डॉक्टरच्या सांगण्यावरून कोंडा खायला लागलं तेव्हा रणधीर एकटा उलट्या दिशेनं चालला होता, आणि त्याच्या पुढं मामा.

गोडाचंही मामानंच शोधून काढलं होतं. नातेवाइकांची मदत व्हायची ती अशी, "साखर चालत नाही ना, मग गूळ खा की." "मध तर औषध असतं." एका काकांनी खास शुगर-फ्री बर्फी आणली होती. मामानं खोक्यावरचं बारीक अक्षर वाचलं, सॉर्बिटॉल. ते यकृतात जाऊन फ्रुक्टोजच होतं. बर्फी उचलून त्यानं म्हशीला घातली. शेवटी त्याला केमिस्टकडचं साधं ग्लुकोज सापडलं. त्यात तो वेलदोडा घालून तांदळाच्या पिठाचे लाडू करायचा. धड गोड नसलेले आणि जिभेला थंडगार लागणारे. जगात गोड म्हणून रणधीर तेवढंच खायचा. तेही मामा डब्यात घालून पाठवायचा. हातानं कधी दिलं नाही.

रणधीरनं कोपऱ्यात बघितलं. बारकीवर पोतं टाकलेलं होतं.

"हे काय?"

"आता काय काम हाय तिचं," मामा पट्टा चढवत म्हणाला. "तू बरा झालास. कुटलंबी खाशील. त्यो मसालेवाला शिरपा म्हणतोय हळद दळायला दे. देतो त्याला उष्टावण झालं की."

हळद एकदा गेली की त्या दगडातून पांढरं पीठ पुन्हा येत नाही. हे दोघांनाही माहीत होतं.

"मामा, तू भरवायचं आहेस."

"नगं."

"डॉक्टरांनी लिहून दिलंय. कॅप्सूलमधून दोन लाडवांइतकं फ्रुक्टोज गेलंय पोटात. काही झालं नाही."

"डाक्टरनी दिलं म्हणून झालं नाही."

"मामा, तुला खरंच वाटतं का, तुझ्या हातात काही आहे?"

मामानं हात पुढं करून बघितला. दोन्ही बाजूंनी. पिठाचा पांढरा हात. "मला ठावं हाय रं, त्यो रोग हुता. तुज्या आईबापाकडनं आला. समदं वाचलंय मी." मग म्हणाला, "पर तीन चमचं मीच घातलं नव्हं? एक घालायचा हुता."

तेवढ्यात दंडावरची बाई बोलली. "लाभार्थी, लक्ष द्या. आपले यकृत समाधानकारक आहे." डबेवाल्या दोघी दचकून उठल्या.

मामानं जवळ येऊन पट्टी निरखली. "ही खरं बोलती?"

"सरकारी आहे."

"म्हंजे?"

"नाही, बोलते. खरं बोलते. फ्रुक्टोज पोटात गेलं की वीसेक मिनिटांत सांगते, पचतंय का नाही."

मामा पट्टीवर वाकला आणि मोठ्यानं, लांब उभ्या माणसाला विचारावं तसं म्हणाला, "बाई, ह्याला मी एक चमचा घातला तर चालंल का?"

पट्टी म्हणाली, "क्षमस्व. आपण या योजनेचे लाभार्थी नाही."

"बग," मामा सरळ होत म्हणाला.

रणधीर गाडीत बसला तेव्हा मामा दारात आला. इंजिनाच्या आवाजात म्हणाला, "येतो मी. खीर माज्याकडची आणतो. रीत हाय. मामाकडची असती."

एवढं कबूल केलं, तेच खूप झालं. घरी पोचेपर्यंत रणधीर गाडीत शिट्टी वाजवत होता.

*

मंगल कार्यालयाच्या दारात मोठा फ्लेक्स लावला होता. रणधीरच्या ऑफिसातल्या मंडळींची भेट. त्यावर त्याचा सहा महिन्यांचा लंगोटातला फोटो, शेजारी आत्ताचा ड्रोनसकट, आणि खाली अक्षरं, 'चि. रणधीर यांच्या उष्टावणाची फेरमोजणी'.

"चिरंजीव लिहिलंय ते बरं केलं," आई म्हणाली आणि डोळे पुसले.

साठ-सत्तर माणसं जमली होती. पाटावर चांदीची वाटी, चांदीचा चमचा, समया. मामा धुतलेला सदरा घालून आला. हातात पितळी डबा. भुवयांवर पीठ नव्हतं, त्यामुळं काही जणांनी त्याला ओळखलंच नाही.

"मांडीवर घ्या," हौसाआत्या म्हणाली.

"आत्या!"

"बाळाला मांडीवरच घेत्यात."

"मी एक्क्याऐंशी किलो आहे. मामा बावन्न."

"रीत म्हंजे रीत."

मामा खुर्चीत बसला आणि रणधीर त्याच्या मांडीवर. म्हणजे दिसायला मांडीवर. प्रत्यक्षात दोन्ही पाय जमिनीत रोवून तो मामाच्या मांडीपासून बोटभर वर तरंगत होता. लोक फोटो काढत होते. रणधीरच्या मांड्या थरथरत होत्या.

मामानं डबा उघडला. खीर वाटीत ओतली. चमचा भरला. हात एवढा हलत होता की चमच्यातली निम्मी खीर परत वाटीत गेली. रणधीरनं डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

जिभेवर आधी थंडगार काहीतरी पसरलं. मग वेलदोडा. मग ती ओळखीची चव, धड गोड नसलेली.

रणधीरनं डोळे उघडले. मामा त्याच्याकडं बघत नव्हता. चमच्याकडं बघत होता.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रणधीर गप्प राहिला. जिभेला त्रास न होता तो सुटत होता, लोक खूश होते, मामानं हातानं भरवलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. यात वाईट कुणाचं होत होतं? त्यानं विचार केला आणि उत्तर येईना, म्हणून पुन्हा विचार केला.

आता फक्त पट्टीनं सांगायचं राहिलं होतं. ती सांगेपर्यंत कुणी जेवायचं नाही असं आत्यानं जाहीर केलं. पंगतीत पानं मांडलेली होती. लोक उभे राहून जिलबीचा वास घेत होते. वीस मिनिटं झाली. पंचवीस झाली. मग बाई बोलली.

"लाभार्थी, लक्ष द्या. फ्रुक्टोज आढळले नाही."

"म्हणजे पास का नापास?" मागून कुणीतरी विचारलं.

"असं कसं?" आई पुढं आली. "एवढी खीर खाल्ली की."

हौसाआत्यानं वाटीतली खीर बोटावर घेतली आणि चाखली. मामाकडं बघितलं. "दिगूभाऊ, साखर घालायला विसरलात काय?"

मामा म्हणाला, "विसरलो न्हाई."

जिलबीकडं वळलेल्या माना परत फिरल्या.

"ग्लुकोज हाय," मामा म्हणाला. आवाज एवढा बारीक की पुढच्या रांगेनं मागच्या रांगेला सांगितलं. "हात माजा हुता. म्हणलं, खीर तरी दुसरी असू द्या."

आईनं तोंडाला पदर लावला. मामा उठायला लागला, त्याला बाहेर जनरेटर बघायचा असावा. आणि रणधीरनं, जो इतका वेळ स्वतःच्याच पायांवर तरंगत होता, पाय सोडून दिले. एक्क्याऐंशी किलो पूर्णपणे मामाच्या मांडीवर आले.

"आगं आई," मामा म्हणाला आणि खाली बसला.

"आत्या," रणधीर म्हणाला, "पंगतीच्या पातेल्यातली खीर आण. साखरेची."

"रणध्या, ऊठ, माजी मांडी."

"तीन चमचे देणार असशील तर उठतो."

"एक घे."

"तीन. तेव्हा तीन दिलेस ना? तेवढेच पाहिजेत."

आत्या पळाली. सत्तराव्या वर्षी ती पळू शकते हे कुणाला माहीत नव्हतं. वाटी आली. मामानं चमचा भरला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता आणि रणधीरच्याही. दोघांच्या भीती वेगवेगळ्या होत्या, चमचा एकच होता.

पहिला चमचा आत गेला. रणधीरला वाटलं, कुणीतरी घशात उबदार गोंद ओतला. पोटातून ओळखीची लाट वर आली. त्यानं दात आवळले, तेच पाटीवरचे दात, आणि गिळलं. त्यानं असं काही तोंड केलं की बायका हसायला लागल्या. मामाचा हात थांबला. एकोणतीस वर्षांपूर्वी असेच सगळे हसले होते.

"दुसरा," रणधीर डोळ्यांत पाणी आणून म्हणाला.

दुसरा गेला. तिसरा गेला. मग रणधीर उठला, कारण शब्द म्हणजे शब्द, आणि मामाच्या पायाशी जमिनीवर बसला. मामानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. रणधीरनं तो हात धरून परत डोक्यावर ठेवला.

बऱ्याच वेळानं बाई म्हणाली, "लाभार्थी, लक्ष द्या. फ्रुक्टोज आढळले आहे. कृपया प्रतीक्षा करा." आणि पट्टीतून सनई वाजायला लागली. लोकांनी हात जोडले, कारण काय करावं ते सुचेना. मामाची बोटं रणधीरच्या केसांत रुतली होती. रणधीरला मळमळत होतं, पण ते जिभेचं. घाम सुकला होता. हातपाय गरम होते. शाई शिल्लक होती.

सनई थांबली.

"विघटन पूर्ण. आपले यकृत समाधानकारक आहे. योजनेचा लाभ घेतल्याबद्दल धन्यवाद."

एवढा आरडाओरडा त्या कार्यालयात लग्नांतही झाला नव्हता. अर्धी माणसं जिलबीकडं धावली. मामा तसाच बसून राहिला. मग वाकून भाच्याच्या कानात म्हणाला, "कशी लागली रं?"

"घाण," रणधीर म्हणाला. "मामा, एवढं घाण लागतं हे? आणि लोक ह्याच्यासाठी मरतात?"

मामाला हसू फुटलं. आधी नाकातून, मग खांद्यांतून, मग तो इतका हसला की चमचा खाली पडला. रणधीरनं पितळी डबा ओढून घेतला आणि ग्लुकोजची खीर डब्याच्या बुडापर्यंत चाटून खाल्ली.

"बारकी शिरपाला दिलीस तर बघ," तो भरल्या तोंडानं म्हणाला. "हळदीचा कण लागता कामा नये तिला."

"तू आता कुटलंबी पीठ खाऊ शकतोस की."

"शकतो. खाणार नाही."

मामानं सदऱ्याच्या बाहीनं नाक पुसलं.

तेवढ्यात हौसाआत्या दोघांसमोर येऊन उभी राहिली. हातात साखरेच्या खिरीची वाटी. खुर्ची ओढून ती मामासमोर बसली, गुडघ्याला गुडघा लावून. खाली पडलेला चमचा उचलून तिनं पदरानं पुसला, मामाच्या हातात दिला आणि डोळे मिटून तोंड उघडलं.

मामाला काही कळेना. "काय?"

"भरवा मला," आत्या डोळे न उघडता म्हणाली.

"वन्सं, तुमची शुगर!" आई धावली.

"गप गं. ह्या हातानं काही होत नसतं कुणाला."

मामानं चमचा भरला. या वेळी हात हलला नाही. आत्यानं खीर गिळली आणि तोंड पुन्हा उघडलं. दुसऱ्या चमच्यानंतर तिसऱ्यासाठीही उघडलं. तिच्या पोलक्याच्या बाहीतून आवाज यायला लागला, "लाभार्थी, लक्ष द्या. आपली शर्करा..."

आत्यानं पदर ओढून बाहीवर गच्च दाबून धरला.